तांबडीचा करंट

हणमंता,

तेराव्यानंतर तुझी शोकसभा झाली. अकरा जण बोलले. त्यातल्या निम्म्यांना तुझं नाव हातातल्या चिठ्ठीवर बघावं लागलं. एकानं तुला सुभेदार केलं, पुढच्यानं लगेच सुभेदार मेजर. तू लष्करी वर्कशॉपमधून हवालदार म्हणून बाहेर पडलास, पण सभा आणखी अर्धा तास लांबली असती तर कर्नल होऊनच सुटला असतास. फ्लेक्सवर तुझा फोटो मधोमध होता आणि त्याच्याभोवती हात जोडलेले चौदा लोक होते. त्यातला एकही तुझ्या शेडमध्ये कधी आलेला नव्हता.

मलाही बोलायला सांगितलं. मी उठलो, ‘हणमंत माझा मित्र होता’ एवढं म्हणालो आणि बसलो. पस्तीस वर्षं शाळेत मराठी शिकवलेल्या माणसाकडून लोकांची जास्त अपेक्षा होती. राहिलेलं इथं लिहितो आहे. इथं तुला मधेच ‘मास्तरा, मुद्द्यावर ये’ म्हणता येणार नाही, हा एक फायदा.

मुद्दा तांबडीचा आहे. तू गेलास तेव्हा तुझी ही जुनी मोटारसायकल कराडच्या मलकापुरात तुझ्या घरामागच्या शेडमध्ये बंद उभी होती. प्लगवर ठिणगी पडत नव्हती. गॅरेजच्या भाषेत, करंट येत नव्हता. त्याआधीचे तीन आठवडे आपण दोघं रोज दुपारी चारपासून दिवे लागेपर्यंत तो करंट शोधत होतो. म्हणजे तू शोधत होतास आणि मी बोलत होतो. शेवटच्या दिवशी तू जेवून खाटेवर आडवा झालास. चारला मी आलो तर शेडचं दार बंद. चार वाजता ते दार बंद मी कधी पाहिलं नव्हतं. वहिनी मागच्या दारात उभ्या होत्या. त्यांनी काही सांगायच्या आधीच मला कळलं.

शोकसभेच्या दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी, चौकातल्या मंडळाचे अध्यक्ष तुझ्या घरी आले. तरुण आहेत, इस्त्रीचे आहेत. त्यांचं म्हणणं असं, की चौकात सिमेंटचा चबुतरा बांधायचा, त्यावर तांबडी बसवायची, तिला सोनेरी रंग द्यायचा आणि पुढचं चाक हवेत ठेवायचं. पुढचं चाक हवेत का, असं मी विचारलं. ते म्हणाले, ‘त्याशिवाय जोश दिसत न्हाई, सर.’ उभ्या आयुष्यात तू ताशी पन्नासच्या पुढं गेला नाहीस आणि खड्डा दिसला की उतरून गाडी ढकलत न्यायचास, हे मी त्यांना सांगितलं नाही. चबुतऱ्याचा खड्डा त्यांनी सकाळीच खणून ठेवला होता.

शालनवहिनी भिंतीला टेकून बसल्या होत्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, ‘चालू गाडी न्हाई द्यायची. बंद असंल तर न्या बापडं.’

‘बंदच हाय की काकू,’ अध्यक्ष म्हणाले.

‘आज हाय. पुढल्याच्या पुढल्या आयतवारी या.’

ते गेल्यावर वहिनी माझ्याकडं वळल्या. ‘भावजी, आज धरून नऊ दिस हायती.’

मी त्यांना म्हणालो की वहिनी, मी त्या शेडमध्ये चाळीस वर्षं फक्त सावली धरली आहे. हे अक्षरशः खरं होतं. प्लग काढून इंजिनाच्या डोक्यावर टेकवायचा आणि किक मारायची, ठिणगी पडते का बघायला. पण उन्हात ठिणगी दिसत नाही, म्हणून कुणीतरी प्लगवर सावली धरावी लागते. ते काम माझं होतं. बहुतेक वेळा वर्तमानपत्रानं धरायचो आणि धरता धरता वाचायचो. ‘पेपर हालतोय मास्तरा, बातमी नंतर वाच,’ हे वाक्य मी तुझ्याकडून किती वेळा ऐकलं असेल.

आता ही वेळ का आली ते बघ. दोष सांगलीचा नाही, माझा आहे. मार्चमध्ये आपण सांगलीला जुन्या गाड्यांच्या मेळाव्याला गेलो होतो. तिथं माणसं उन्हाच्या कारात चामड्याची जाकिटं घालून उभी होती. ट्रेलरवर घालून आणलेल्या चकचकीत गाड्या पुढच्या रांगेत होत्या, आणि तुला, कराडपासून गाडी चालवत आणणाऱ्याला, मागं सायकल स्टँडजवळ जागा दिली. का, तर रंग उडालाय. तू खुशाल भडंग खात बसलास. अपमान झाला तो माझा. आयुष्यभर हारतुऱ्यांना हसलेला मी, परतीच्या वाटेवर पेठनाक्यापर्यंत तुझ्या पाठीमागून एकच गोष्ट सांगत राहिलो, की आता हिला रंग द्यायचा. तू म्हणालास, ‘रंगानं काय पळती व्हय गाडी?’ पण माझं तोंड बंद करायला रंग देणं सोपं होतं, म्हणून दिलास.

कराडला इकबालभाईच्या स्पेअर पार्टच्या दुकानामागं फवाऱ्यानं रंग झाला. फार सुंदर झाला. सांगाडा परत आला, तू जुळवाजुळव सुरू केलीस, आणि माझ्या लक्षात आलं की टाकीखालच्या पाइपावर रुपयाएवढी जागा उघडीच राहिली आहे. कोरा पत्रा चमकत होता. तू आत पाना आणायला गेला होतास. माझ्यातला शिक्षक जागा झाला. ‘रिकाम्या जागा भरा’ हा प्रश्न मी हजारो मुलांना घातला आहे. रिकामी जागा दिसली की माझा हात थांबत नाही. डब्यात तांबडा रंग होता, वहिनींचा तुळशीवृंदावन रंगवायचा ब्रश होता. मी ती जागा भरली. तुला सांगितलं नाही. एवढा लष्करातला माणूस आणि एक जागा विसरला, हे मी पुढच्या भांडणासाठी राखून ठेवलं होतं.

गाडी जोडून झाली. किक मारली. काही नाही.

मग आपलं जुनंच भांडण. तुझं म्हणणं, करंट नसला की प्लगपासून मागं जायचं: प्लग, टोपी, वायर, पॉइंट, कंडेन्सर, कॉइल. माझं म्हणणं, जिथून करंट निघतो तिथून, म्हणजे बॅटरीपासून, पुढं यायचं. तू म्हणायचास, ‘गावात पाणी आलं न्हाई तर आधी आपला नळ बघतोस का थेट धरणावर जातोस?’ मी म्हणायचो की धरणात पाणी नसेल तर नळ खोलून काय उपयोग. हे भांडण आपण तरुणपणापासून करतो आहोत आणि आजपर्यंत त्यात कुणी जिंकलेलं नाही. दर वेळी तू करंट आणायचास आणि मी म्हणायचो की माझ्या पद्धतीनं लवकर आला असता.

या भांडणाची सुरुवात पसरणीच्या घाटात झाली. मी सुमनला बघायला पाचगणीला चाललो होतो. तू सुट्टीवर आला होतास आणि तांबडी तुझ्याकडं नवीनच आली होती, म्हणजे कुणाचीतरी जुनी होऊन. वाई सोडली आणि घाटाच्या तिसऱ्या वळणावर ती बंद पडली. तू काडेपेटीची घासायची बाजू फाडलीस आणि तिनं पॉइंट, म्हणजे करंट जोडणारी-तोडणारी ती दोन बारीक टोकं, घासत बसलास. मी सावली धरली आणि बॅटरीविषयी बोललो. दोन तास उशिरा, काळ्या हातांनी, मी सुमनच्या वडिलांसमोर बसलो. ते शाळेत हिशेबनीस होते. त्यांनी माझ्या हाताकडं एकदाच बघितलं आणि पोह्यांबरोबर चमचा मागवला. लग्नानंतर सुमन मला म्हणाली, ‘तुमचं बोलणं जरा जास्तच होतं. पण हात काळे होते, म्हणून म्हटलं, चालेल.’ त्या हातांवरचं काळं तुझं होतं हे मी तिला बरीच वर्षं सांगितलं नाही. सांगितलं तेव्हा ती म्हणाली, मला माहीत होतं.

सुमनला जाऊन दोन वर्षं झाली. तिच्यामागं मी दुपारी झोपत नव्हतो आणि वाचतही नव्हतो. पुस्तक मांडीवर घेऊन पंख्याकडं बघायचो. हे मी कुणाला सांगितलं नव्हतं. तुलाही नाही.

आता ते नऊ दिवस. शेडमध्ये मी एकटा उभा राहिलो तेव्हा पहिली गोष्ट मनात आली ती फारशी शोभणारी नाही: आता बॅटरीपासून सुरुवात करायला कुणी अडवणार नाही. पण तुझा एक नियम मात्र मी पाळला. एका दिवशी एकच गोष्ट बघायची. दोन गोष्टी एकदम बदलल्या आणि गाडी चालू झाली, तर कशानं झाली ते कळत नाही, आणि कळलं नाही म्हणजे ती दुरुस्त झाली असं नाही, असं तू म्हणायचास. मी हे वाक्य शिक्षण खात्याला पाठवायचं म्हणत होतो.

शनिवारी बॅटरी. तुझा दोन वायरींचा बल्ब लावून बघितला, लख्ख लागला. रविवारी चावी. सोमवारी कॉइलपर्यंतची वायर. बल्ब सगळीकडं लागत होता आणि मला उगाच प्रगती झाल्यासारखी वाटत होती. मंगळवारी तुझ्या डब्यातली दुसरी कॉइल लावली. बुधवारी पॉइंट घासले, काडेपेटीनंच. गुरुवारी नवा प्लग. प्रत्येक संध्याकाळी प्लग डोक्यावर टेकवायचा, किक मारायची, काही नाही. सावली धरायला वहिनी यायच्या, एक पोतं घेऊन. त्या पोतं अजिबात हलवत नव्हत्या. तू त्यांना एवढी वर्षं का बोलावलं नाहीस, कळत नाही.

चौकात चबुतरा वर येत होता. येता-जाता अध्यक्ष विचारायचे, ‘काय सर, काय प्रगती?’ त्यांनी सोनेरी रंगाचे डबेही आणून ठेवले होते. मला तुझी गाडी सोनेरी झालेली दिसायला लागली. पावसात उभी, चाकात कावळ्याची घाण, दर वर्षी एक हार. टायर वाळून फुटणार, टाकी आतून सडणार, आणि खाली पाटीवर तू सुभेदार मेजर. 

गुरुवारी एक गोष्ट मात्र दिसली. वहिनींनी पोतं जरा खाली धरलं आणि पॉइंटवर अंधार झाला. किक मारली तर तिथं चांगली जाड निळी ठिणगी पडत होती. प्लगवर काही नाही आणि पॉइंटवर दिवाळी. याचा अर्थ मला लागला नाही. शुक्रवारी इकबालभाईचं दुकान नमाजनंतर उघडतं, म्हणून तीनला कराडला गेलो आणि त्यांना सांगितलं.

इकबालभाईंनी चष्मा वर केला. ‘मास्तर, हे तर आंधळा बी सांगंल. कंडेन्सर.’

मी म्हणालो, कंडेन्सर तर हणमंतानं दुसऱ्याच दिवशी बदलला. माझ्यासमोर.

‘व्हय, माझ्याकडनंच न्हेला. मग त्याचं अंग लोखंडाला टेकत नसंल. त्याशिवाय तो असून नसल्यावानी.’ मग त्यांनी चष्मा परत नाकावर घेतला. ‘पण हणमंतभाऊला हे कळलं न्हाई, असं म्हणताय तुमी?’

 रिक्षात बसलो तेव्हा मला ती रुपयाएवढी जागा आठवली.

कंडेन्सर म्हणजे अंगठ्याएवढी पत्र्याची डबी. पॉइंटवर फुकट जाणारा जोर ती अडवते, म्हणून प्लगवर ठिणगी पडते. इंजिनाच्या उष्णतेनं ती खराब होते, म्हणून तू ती कधीच बाहेर काढून टाकीखाली पाइपाला बसवली होतीस. आणि ती जिथं टेकते तेवढी जागा, रुपयाएवढी, तू दर वेळी मुद्दाम खरवडून कोरी ठेवायचास. मी तिथं तुळशीच्या ब्रशनं रंग दिला होता.

नियमाप्रमाणे शुक्रवारचा एक दिवस इकबालभाईंच्या उत्तरात खर्च झाला होता. शनिवारी टाकी काढली. बाकी सगळीकडं फवाऱ्याचा रंग काचेसारखा, आणि कंडेन्सरच्या पट्टीखाली ब्रशचे ओरखडे. रंगात ब्रशचा एक केस चिकटून वाळला होता. माझी सही म्हणायला हरकत नाही.  तुझ्या शेवटच्या तीन आठवड्यांची संध्याकाळ न् संध्याकाळ मी ब्रशच्या एका फटकाऱ्यात खाल्ली, असं वाटत होतं. तू वाकून वाकून शोधत होतास आणि तुझ्या मागं उभा राहून मी तुला धरण आणि नळ शिकवत होतो.

मग चाकूनं ती जागा खरवडली, काचपेपर मारला, पट्टी आवळली. वहिनींनी पोतं धरलं. किक मारली आणि टक् असा बारीक आवाज होऊन प्लगवर निळी ठिणगी पडली. प्लग बसवला. तिसऱ्या किकला तांबडी चालू झाली आणि सगळी शेड धुरानं भरली. वहिनी पोत्यानं धूर हाकत बाहेर गेल्या. मी बाहेर आलो आणि त्यांना सांगून टाकलं, की वहिनी, दोष माझा होता. रंग मी लावला होता. हणमंताला शेवटपर्यंत कळलं नाही.

त्या पायरीवर बसल्या. पोत्याची घडी घातली.

‘आवं भावजी, त्यास्नी ठावं हुतं. दुसऱ्याच दिशी म्हणालं, मास्तरानं रंग फासलाय. मी म्हणलं, मग खरवाडा की. तर म्हणालं, ऱ्हाऊ दे. सुमनताई गेल्यापासनं हा गडी पयल्यांदा रोज घराभाईर पडाय लागलाय. करंट आला की पुन्ना पंख्याकडं बघत बसंल.’

पंख्याचं तुला कुणी सांगितलं, हणमंता? मी तर कुणालाच सांगितलं नव्हतं.

म्हणजे तू नवा कंडेन्सर आणलास, माझ्यादेखत त्याच रंगावर बसवलास, किक मारलीस, मान हलवलीस आणि म्हणालास, ‘आता उद्या कॉइल बघू.’ त्यानंतर रोज एक एक चांगली वस्तू काढून तू ती पुसत होतास आणि परत लावत होतास. पस्तीस वर्षं मुलांची ढोंगं ओळखण्याचा पगार घेतलेल्या माणसाला हे ओळखू आलं नाही. तू इतकं गंभीर तोंड करून बसायचास. एकदा तर कॉइल कानाला लावून ऐकलीस. मला तेव्हाच शंका यायला हवी होती.

मी वहिनींना विचारलं, तुम्हाला माहीत होतं तर नऊ दिवस मला सांगितलं का नाही. आणि मला सापडलं नसतं तर? उद्या ते लोक गाडी न्यायला येणार होते.

‘आज रातीपातूर वाट बघणार हुते,’ वहिनी म्हणाल्या. ‘मग मीच खरवाडलं असतं.’

रविवारी अध्यक्ष टेम्पो घेऊन आले. वहिनींनी मला खूण केली, मी किक मारली, आणि त्यांना जे सांगायचं ते तांबडीनं सांगितलं. धुरात त्यांची इस्त्री जरा मऊ झाली. माणूस वाईट नाही. म्हणाले, ‘आवाज भारी हाय, सर.’ मग मी गाडी चौकापर्यंत चालवत नेली. पंचवीसच्या वेगानं. तुझ्यापेक्षा निम्मा, पण दोन्ही चाकं जमिनीवर होती. चबुतरा तयार होता आणि त्याचं काय करायचं हे कुणाला ठाऊक नव्हतं. आता संध्याकाळी तिथं म्हातारी माणसं बसतात. टेकायला पाठ नाही, पण उंची बरोबर आहे. पाटी अजून लागलेली नाही. अध्यक्षांना मी म्हटलंय, लावायचीच असेल तर हवालदार लिहा.

आपलं भांडण मात्र मिटलं नाही. मी बॅटरीपासून निघालो आणि सापडायला आठ दिवस लागले, असं तू म्हणशील. पण तू प्लगपासून निघालास आणि तुला दुसऱ्या दिवशी सापडलं, हे मी मान्य करणार नाही. तू शोधलंच नाहीस. तू फक्त ब्रशचे ओरखडे बघितलेस. तो पुरावा धरता येत नाही.

हे मी परवा लिहून संपवलं होतं. काल सकाळी वहिनींचा फोन आला.

‘भावजी, तांबडीचा हॉर्न वाजंना झालाय. चारला या.’

मी चारला गेलो. शेडचं दार उघडं होतं. चहा झाकून ठेवला होता आणि घडी घातलेलं पोतं टाकीवर होतं. हॉर्नकडं जाणारी वायर मला दारातूनच दिसली. ती तिच्या जागेवरून निघाली होती. तुटली नव्हती, घासली नव्हती, कुणीतरी नीट चिमटीत धरून ओढून बाजूला ठेवावी तशी होती. टोक वाऱ्यानं हलू नये म्हणून त्यावर कपड्याचा चिमटाही लावला होता.

वहिनी दारात येऊन उभ्या राहिल्या. काय झालं असंल, म्हणून त्यांनी विचारलं. तुझ्यासारखंच गंभीर तोंड.

मी चष्मा लावला, वाकलो, बराच वेळ बघितलं आणि मान हलवली. सांगता येत नाही म्हणालो. मुळापासून बघावं लागेल.

काल बॅटरी बघितली. ती चांगली आहे. आज चावी बघणार आहे. एका दिवशी एकच.